ओकांखालची आग

१२ ऑक्टोबर

तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा कडी तुटली. कुलूप गवतात पडलं. लोखंड कापायची ही मोठी कातर शेजारच्या सिल्वेराची, कधीकाळी मागून आणलेली.

"अजून चालते म्हणायची," कुंपणापलीकडून आवाज आला. सिल्वेरा गुरांसाठी मिठाचा दगड ठेवत होता.

"उद्या परत देते."

"राहू द्या, फिदेलाबाई. तुमच्याकडे कुलपं जास्त आहेत."

फाटक ढकलून आत गेले. मागे वळून पाहिलं नाही. तो पाहत असणारच.

ही टेकडी अकरा वर्षांपूर्वी आमच्या लोकांना, इथल्या मूळ रहिवाशांना, परत मिळाली. त्याआधी दीडशे वर्षं दुसऱ्यांची होती. कोणी तोडली, कोणी चारली, कोणी विकली. परत मिळाली तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, आता हिला कोणाचाही हात लागू द्यायचा नाही. फाटक लावलं, कुलूप घातलं. लोक रडले. मीही रडले.

हात लागला नाही. परिणाम समोर आहे. थोरलीच्या खोडापर्यंत आता चालत जाता येत नाही. थोरली म्हणजे टेकडीवरचा सगळ्यात जुना ओक. हे नाव माझ्या आजीच्याही आधीचं. तिच्याखाली छातीइतकी कोयोटी झुडपं, आतून वाळलेली. खाजरी वेल पहिल्या फांदीपर्यंत चढलेली. जमिनीवरची आग ओकला काही करत नाही. सालीवर काजळी धरते, एवढंच. पण उन्हाळ्यात पलीकडच्या दरीतून वणवा आला तर या वेलीच्या शिडीवरून शेंड्यापर्यंत जाईल. मग थोरली राहणार नाही.

पडलेली फळं टोपीत गोळा करून बाहेर आणली. प्रत्येकाला सुईएवढं भोक. आत पांढरी अळी. ती फळातून निघून मातीत शिरते, सोंडकिडा होते आणि पुन्हा झाडावर चढते. आमचे जुने लोक हा पहिला किडका सडा पडल्या जागी जाळत. मागून पडणारं चांगलं फळ मग स्वच्छ जमिनीवर पडे. उत्तरेकडच्या दुसऱ्या जमातीच्या बायकांकडे दोन हिवाळे राहून मी हे शिकून आले. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या बाईनं आणखी काय करायचं?

जाळण्याचा परवाना माझ्या नावावर आहे. त्यावर टेकडीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या मंडळाच्या जुन्या अध्यक्षांची सही आहे. सप्टेंबरात माझा आत्येभाऊ अमादेओ अध्यक्ष झाला. पहिल्याच बैठकीत त्यानं जाळायला परवानगी देणारा ठराव फिरवला आणि कुलूप बदललं. मला लेखी कोणी काही दिलेलं नाही. तोंडी ऐकलेलं माझ्या वयाची बाई विसरू शकते.

१३ ऑक्टोबर

अमादेओचा फोन.

"कुलूप तू तोडलंस?"

"हो."

"निदान नाही तरी म्हण."

"का?"

"पुढे काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं."

फोन ठेवला. त्यानं की मी, ते आठवत नाही.

१६ ऑक्टोबर

आज कोयता आणि दाताळं, दुसरं काही नाही. थोरलीच्या विस्ताराभोवती जाळरेषा काढते आहे. खाली माती दिसेपर्यंत पट्टा साफ करायचा, आग तिथे थांबली पाहिजे. खाजरी वेल ऑक्टोबरात लाल होते, सगळ्यात देखणी दिसते आणि सगळ्यात जास्त भाजते. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आलेत.

रानउंदरांची काटक्यांची घरं आहेत, कमरेइतकी उंच. आत खोल्या असतात. एकेक घर पिढ्यानपिढ्या चालतं. त्यांच्याभोवतीही पट्टा काढला. ती नाहीत कोणाच्या वाटेत.

सिल्वेरा आज पुन्हा कुंपणाशी. हातावर हात ठेवून उभा.

"माझ्या लहानपणी इथून घोडा आरपार जायचा," म्हणाला. "बाबांचा घोडा. तपकिरी, एक पाय खाली पांढरा, मोजा घातल्यासारखा. बाबा या झाडाखाली डबा खायचे. पलीकडे समुद्र दिसायचा."

"कोणाला विचारून खायचे?"

"हे मी त्यांना विचारलं नाही," तो म्हणाला आणि हसला.

आमच्या टेकडीवर त्याच्या बापानं डबा खाल्ला हे तो मला तोंडावर सांगतो! पुढेमागे हक्क सांगायचा असेल. लक्षात ठेवायला हवं.

घरी चेंचा आत्या टीव्हीवर मुष्टियुद्ध बघत होती. नव्वदीला आली आहे, पण ठोसा कुठे बसणार हे आधी ओरडते.

"फिदे, तू भाजलेल्या कोंबडीसारखी दिसतेस."

"यंदा ओकफळांची लापशी करीन तुला."

"माझ्यावर कसला राग काढतेस गं? खाल्ली आहे मी ती. ओल्या पुठ्ठ्याची चव."

"मग आजी कशाला करायची?"

"पुठ्ठा मिळत नव्हता म्हणून."

आत्या अमादेओची आई. तीन वर्षांपूर्वीच्या वणव्यात अमादेओचं घर जळालं, तेव्हापासून ती माझ्याकडे राहते. तो अजून त्याच जागेवर, ट्रेलरमध्ये. घर बांधायला घेत नाही. आळशी. जळक्या चौथऱ्याभोवती मात्र गवताची काडी उगवू देत नाही, दर रविवारी जमीन खरवडतो. आणि टेकडीवरचं एक झुडूप हलवायचं म्हटलं की ठराव.

१९ ऑक्टोबर

आज चूक झाली.

कडेचं मोठं कोयोटी झुडूप करवतीनं बुंध्यापासून कापलं. ओढून बाजूला केलं तर मधोमध ओकचं रोप, गुडघ्याइतकं. शेजारी दुसरं, ते मात्र करवतीत आलेलं.

तिथेच बसले. आजूबाजूच्या उघड्या गवतात पाहिलं, एक रोप नाही. उगवलं की हरणं शेंडा खातात. झुडपाच्या आत त्यांचं तोंड शिरत नाही. मुळांना सावली मिळते, ओल टिकते. ज्याला मी फास म्हणत होते त्यानं या दोघांना वाढवलं होतं.

म्हणजे अकरा वर्षं हात लागला नाही म्हणून काही जगलंही. हे अमादेओला सांगणार नाही.

संध्याकाळपर्यंत कडेकडेनं फिरत राहिले. ज्या झुडपांच्या पोटात रोप सापडलं त्यांना लाल चिंधी बांधली. ती राहतील. खोडाजवळची वाळकी जातील. लाल फळांच्या तोयोनला हात लावणार नाही, तो हिवाळ्यात पक्ष्यांचा आहे. यापेक्षा मोठा नियम माझ्याकडे नाही. उत्तरेकडच्या बायकांनी आग कशी लावायची ते शिकवलं. काय ठेवायचं ते त्यांच्या टेकडीवर वेगळं होतं.

उरलेल्या रोपाभोवती कापलेल्या काटक्यांचं कुंपण रचलं. तोकडं झालं.

२४ ऑक्टोबर

सिल्वेरानं ट्रॅक्टरनं पाण्याची टाकी ओढत आणली आणि कुंपणाशी, बरोबर थोरलीसमोर उभी केली. गुरांसाठी, म्हणाला. गुरं सगळी खालच्या कुरणात आहेत. मग त्यानं कुंपणालगतचं स्वतःचं गवत रुंद पट्ट्यात कापून टाकलं. माझी आग त्याच्याकडे जाणार याची त्याला एवढी खात्री!

"अकरानंतर इथे वारा फिरतो," तो म्हणाला. "समुद्राकडून येतो, टेकडीला आपटतो आणि उलटा वळतो."

"माहीत आहे मला."

मला माहीत नव्हतं. धमकी द्यायची ही त्याची सभ्य पद्धत.

"कधी लावणार?"

"तुम्हाला कशाला?"

"त्या दिवशी मी सुट्टी घेईन."

"गुरं पाळणाऱ्याला सुट्टी असते?"

"म्हणूनच आधी विचारतोय."

जाताना कागदात गुंडाळलेला मांसाचा तुकडा खांबावर ठेवला. चेंचाबाईंसाठी, म्हणे. मी तो परत करणार होते. त्याआधी आत्यानं लसूण ठेचून तव्यावर टाकला.

"शत्रूचं मांस आहे ते."

"शत्रू गुरं छान पोसतो," आत्या म्हणाली. मला एक घास ठेवला. खाल्ला.

२८ ऑक्टोबर

अमादेओ जेवायला आला. म्हणजे भांडायला आला आणि जेवण होतं.

"तुझ्या त्या उत्तरेकडच्या बायका येणार आहेत?"

"तिघी येणार."

"त्यांना इथला वारा माहीत आहे का?"

"सगळ्यांना वाऱ्याचीच का पडली आहे?"

त्यानं चमचा खाली ठेवला. "फिदे, दीडशे वर्षं लोकांनी त्या टेकडीवर करवत चालवली. आपल्याला मिळाली तेव्हा आपण एकच शब्द दिला. हात लावणार नाही. कोणाला दिला? मेलेल्यांना दिला."

"मेलेले स्वतः जाळायचे."

"तू बघायला होतीस?"

"मी होते," आत्या म्हणाली. तिनं मुष्टियुद्धाचा आवाज कमी केला. हे ती कधी करत नाही.

"पहिला पाऊस शिंपडून गेला की बाप धुराचा वास घेऊन घरी यायचा. तेव्हा कोणी पाहिलं तर तुरुंग. आई आम्हा पोरांना दारात ओळीनं उभं करायची आणि पढवायची. कोणी विचारलं, धूर कसला, तर काय सांगायचं? मांस भाजताहेत. अरे, आमच्याकडे मांस कुठलं! महिनोन्‌महिने दिसायचं नाही."

"हे तू मला शिकवलं होतंस," अमादेओ आईला म्हणाला. "लहान असताना. धूर कसला? मांस भाजताहेत. मला वाटायचं खेळ आहे."

"खेळच होता. हरलं तर बाप जायचा." आत्या पाणी प्यायली. "एकदा एक घोडेस्वार आला दारात. घोड्याच्या एका पायात पांढरा मोजा. म्हणाला, पोरी, धूर कसला? मी सांगितलं. त्यानं नाक वर करून वास घेतला. म्हणाला, झकास. जास्त शिजवू नका म्हणावं. आणि गेला."

"कोण होता?" मी विचारलं.

"मी घोड्याकडे बघत होते."

अमादेओनं ताट पुढे सरकवलं. मग म्हणाला, "तेव्हा टेकडी मोकळी होती. आता ती पेटायची वाट बघते आहे."

"म्हणूनच साफ करते आहे मी."

"म्हणूनच काडी लावू नकोस."

घेवडा अर्धा टाकून उठला. जाताना शेगडीची बटणं तपासली. दारापर्यंत जाऊन परत आला, पुन्हा तपासली. दर वेळी हेच. माझ्या घरात मला शिस्त लावतो.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आत्याला घेऊन दफनभूमीत गेले. आजोबांच्या थडग्यावर झेंडू ठेवला. अमादेओ आधीच आलेला होता, थडगं धुऊन बसला होता. मेणबत्ती मात्र लावली नव्हती. मी लावली. तो दोन पावलं मागे सरकला. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून एवढं.

दुपारी भुरभुर पाऊस. मातीचा वरचा थर भिजला, पालापाचोळा आतून कोरडा. दोन दिवस ऊन पडलं तर हवं तसंच.

५ नोव्हेंबर

सकाळी तिघींचा फोन. येणार नाहीत. अमादेओनं त्यांना कळवलं की मंडळाचा विरोध आहे. तुमच्या लोकांचं तुम्ही मिटवा, मग बोलवा, म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं. फोन बंद करून मग शिवी दिली.

अग्निशमन कचेरीला विचारलं. आज जाळायला हरकत नाही, पण एकटीनं करू नका, म्हणाले. एकटी नाही, मी म्हणाले. आत्या होती.

हे शहाणपणाचं नव्हतं. आत्ता लिहिताना दिसतं आहे. सकाळी दिसलं असतं तरी गेले असते. पहिला सडा पडून झाला आहे, अळ्या फळांत आहेत. आणखी आठवडा गेला तर त्या मातीत, मग पुढच्या वर्षी पुन्हा कुलूप, पुन्हा ठराव, आणि वणवा काही ठराव वाचून येत नाही. आजूबाजूच्या ओकांखालीही जाळायचा मोठा बेत सोडला. फक्त थोरलीखालचं वर्तुळ जाळायचं.

आत्याला फाटकाजवळ, वाऱ्याच्या मागच्या बाजूला घडीच्या खुर्चीत बसवलं. गोधडी, काळा चष्मा. रानउंदरांच्या घरांवर काठीनं ठोकून आले. एक जण बाहेर येऊन माझ्याकडे बघून परत आत गेला.

चढाच्या वरच्या कडेला वाळक्या गवताची जुडी टेकवली. आग खाली येताना हळू येते. घोट्याइतकी होती. ओकच्या काटेरी कडांच्या पानांवरून ती पाण्यासारखी पसरली. फळं तडतडली. मी दाताळं घेऊन तिच्याबरोबर चालत होते आणि मला भीती वाटत नव्हती. थोरलीच्या खोडापाशी आली, सालीला काळा हात लावला, वळसा घालून पुढे गेली. मी मोठ्यानं काहीतरी बोलले. काय ते लिहीत नाही.

मग वारा फिरला.

समुद्राकडून आला, टेकडीला आपटला आणि उलटा वळला. खालच्या कडेचं लाल चिंधीचं झुडूप पेटलं. ज्वाळा माझ्यापेक्षा उंच. दुसरीकडे जाळरेषेवरून एक जळकं पान उडालं आणि गवतात पडलं. मला एकाच वेळी दोन ठिकाणी असायला हवं होतं. त्या क्षणी वाटलं, अमादेओचं बरोबर होतं. हे लिहून ठेवते. त्याला बोलणार नाही.

पाण्याचा फवारा माझ्या डोक्यावरून गेला. सिल्वेरा. नळी ओढत सरळ आमच्या जमिनीत आला होता. कुंपणाच्या तारा सोडवून दोन खांब आडवे करून ठेवलेले होते. हे तेवढ्यात होणारं काम नाही, सकाळपासूनच करून ठेवलं असणार. मला न विचारता.

"गवत तुम्ही बघा!" तो ओरडला. "झुडूप माझ्याकडे!"

गवतातलं पान मी बुटानं विझवलं, सगळीकडे माती ओढली. झुडूप अर्धं राहिलं. आतलं रोप गेलं. शेजारची लाल चिंधीची झुडपं वाचली.

तेवढ्यात फाटकातून अमादेओ धावत आला. धूर गावातून दिसला असणार. डोक्यावर टोपी नाही, पायात घरातल्या चपला. माझ्याकडे पाहिलंच नाही. आधी आईपाशी गेला, तिला खुर्चीसकट उचललं.

"ठेव मला खाली, गाढवा! दिसत नाहीये मला!"

"आई, चल. चल इथून."

"अमादेओ, ठेव," आत्या म्हणाली.

त्यानं तिला ठेवलं. मग आमच्याकडे वळला. तोंड पांढरं पडलं होतं. आवाज लहान मुलासारखा फुटला.

"धूर कसला आहे हा?"

मी तोंड उघडलं. परवाना, सही, लेखी नसलेला ठराव. सगळं तयार होतं.

"मांस भाजतोय," सिल्वेरा म्हणाला. नळी हातात, वर बघत नव्हता.

मग आत्या हसायला लागली. तिला खोकला लागला तरी थांबेना. चष्मा काढून डोळे पुसले आणि सिल्वेराकडे नीट, बराच वेळ पाहिलं.

"घोडा कुठे आहे रे तुझा?"

"मेला हो, चेंचाबाई. बाबांच्या आधी."

"झकास वास येतोय म्हणावं."

सिल्वेराला हे कोणी सांगितलं ते मला कळलं नाही. मी सांगितलेलं नाही. आत्याशी त्याचं बोलणं फक्त मांसाच्या तुकड्यांतून.

अमादेओ थोरलीकडे बघत उभा होता. खाली सगळं काळं, त्यावर घोट्याइतका धूर. वर एक पानही कोमेजलं नव्हतं. खोडाच्या पलीकडून समुद्राची पट्टी दिसत होती. मी ती कधी पाहिली नव्हती. त्यानंही नाही.

त्यानं माझ्या हातातलं दाताळं घेतलं. दांडा एकदा हातातून निसटला, तो त्यानं पुन्हा धरला. वय झालं आता त्याचंही.

"ठराव आहे तसाच आहे," म्हणाला.

"माहीत आहे."

"मी फक्त दाताळं धरलंय."

"धर की मग. वरची कडा बघ, तिथे धुमसतंय. चपला सांभाळ."

"तू मला आग शिकवू नकोस."

दिवस मावळेपर्यंत तिघांनी जाळरेषेभोवती फेऱ्या घातल्या. कुठे धूर दिसला की अमादेओ सगळ्यांच्या आधी पोचायचा, माती उलथायचा, हात पालथा ठेवून गरम आहे का बघायचा, मग पुन्हा बघायचा. शिव्या अखंड चालू होत्या. बहुतेक मला. सिल्वेरानं टाकी रिकामी होईपर्यंत पाणी मारलं. माझ्या आगीवर इतकं पाणी मारायची गरज नव्हती, असं मी त्याला म्हणाले. हो, म्हणाला.

६ नोव्हेंबर

सकाळी आत्याला घेऊन गेले. फाटकाला नवं कुलूप होतं. किल्ली त्यातच होती.

सिल्वेरा कुंपण उभं करत होता. एका माणसाला जाता येईल एवढी जागा मोकळी सोडली आहे. म्हातारा झालाय, विसरला असेल.

जमीन अजून उबदार होती. थोरलीखाली राखेवर रात्रीत पडलेली फळं होती, लांबूनही दिसत होती. नीलपक्षी आधीच पोचले होते. पहिलं फळ फोडलं, अळी निघाली. दुसरं फोडलं. आत पांढरा, निरोगी गर होता.